मशीन सामाईक आहे

प्राध्यापक : चार कॉलेजं मिळून एक मास स्पेक्ट्रोमीटर घेतोय, आबा. प्रस्तावावर चारही प्राचार्यांच्या सह्या झाल्या.

बागायतदार : म्हणजे सामाईक?

प्राध्यापक : सामाईक.

बागायतदार : अरेरे.

प्राध्यापक : अरेरे काय?

बागायतदार : आमची विहीर सामाईक आहे, दाजी. सातबाऱ्यावर पाच नावं. मोटर चालू असेपर्यंत पाचही जण मालक. जळली की माझ्या एकट्याची.

प्राध्यापक : ही विहीर नव्हे. प्रोटिनच्या तुकड्यांचं वजन करून ते ओळखणारं यंत्र आहे.

बागायतदार : मला सांगता? माझी द्राक्षं दर हंगामात रेसिड्यू लॅबला जातात. २०१० साली द्राक्षांत सीसीसी हे रसायन सापडलं म्हणून युरोपनं आपला माल नाकारला, तेव्हापासून दिंडोरी-निफाडला मास स्पेक तोंडपाठ आहे. तुमच्या विभागात किती जणांनी पाहिलाय?

प्राध्यापक : फोटोत सगळ्यांनी. पण तुमचं यंत्र वेगळं. काय शोधायचं त्याची यादी आधीच हातात असते. आम्हाला एका थेंबातली हजारो प्रोटिनं ओळखायचीत, तीही यादीशिवाय. ट्रिप्सिननं त्यांचे तुकडे करायचे, मग बारीक सुईतून, विजेचा दाब देऊन फवारायचे...

बागायतदार : फवारणी! आता कसं आमच्यातलं बोललात.

प्राध्यापक : त्या फवारणीसाठी जॉन फेन यांना २००२ चं नोबेल मिळालं. एवढाले रेणू न मोडता उडवले. नोबेल व्याख्यानाच्या नावातच त्यांनी रेणूंमधल्या हत्तींना पंख दिले.

बागायतदार : हत्ती उडाला, छान झालं. चारा कोण घालणार?

प्राध्यापक : अनुदान मिळणार आहे.

बागायतदार : विकत घ्यायला. चालवायला? आत निर्वात पोकळी ठेवायची म्हणजे पंप रात्रंदिवस चालू, एसी चालू, नायट्रोजन चालू. लाइट गेली की?

प्राध्यापक : यूपीएस.

बागायतदार : त्याच्या बॅटऱ्या बसल्या की चार कॉलेजं एकमेकांकडे बघणार. अन् पाळीचं काय? आमच्याकडे दोन-दोन दिवस ठरलेत. थोरल्याच्या पाळीला रात्रीची लाइट आली, की तो धाकट्याच्या दिवसात घुसतो.

प्राध्यापक : ऑनलाइन नोंदणी असते. केंद्राचं आय-स्टेम पोर्टल २०२० पासून चालू आहे, देशभरातली यंत्रं त्यावर दिसतात.

बागायतदार : मग पवईचंच घ्या की. आयआयटीत प्रोटिनसाठी वेगळी सोय आहे, तुम्हीच सांगितलंत.

प्राध्यापक : तेच चाललंय! ड्राय आइसच्या खोक्यात सॅम्पल घालून आमची पीएचडीची मुलगी पंचवटी एक्स्प्रेसनं उभी जाते. निकालात शंका निघाली, की पुन्हा खोकं, पुन्हा पंचवटी. राज्याचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात, आणि रक्तातलं एक प्रोटिन बघायला कसारा घाट उतरायचा!

बागायतदार : हे मात्र पटलं. पण मग यंत्राआधी माणूस मागा. कायम पगारी.

प्राध्यापक : पद मंजूर नाही. अकरा महिन्यांच्या करारावर घेऊ.

बागायतदार : म्हणजे बाराव्या महिन्यात यंत्राला उपास. पोरगं शिकून तयार झालं, की आमची रेसिड्यू लॅब दुप्पट पगारावर उचलणार. मग शिपाई सॅम्पल भरणार, आणि रिपोर्टात त्याच्याच केसांचं प्रोटिन.

प्राध्यापक : केराटिन. ते जगात सगळीकडे निघतं.

बागायतदार : तुमच्याकडे चारही कॉलेजांच्या प्रबंधांत एकाच शिपायाचं निघेल. सामाईक!

प्राध्यापक : थट्टा सोपी आहे. आधी पद मागितलं तर विचारतात, यंत्र कुठंय?

बागायतदार : कुठं ठेवणार?

प्राध्यापक : आमच्याकडे. तळमजला आहे, हादरे बसत नाहीत.

बागायतदार : किल्ली?

प्राध्यापक : विभागप्रमुखाकडे.

बागायतदार : म्हणजे तुमच्याकडे. विहीर चौघांची अन् बांध तुमचा.

प्राध्यापक : सामाईक विहिरीवर मला शिकवू नका, आबा. पाच नावं म्हणालात. सहावं कुठं गेलं?

बागायतदार : कोणतं सहावं?

प्राध्यापक : तुमच्या बहिणीचं. राखी बांधून घेतलीत आणि त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही.

बागायतदार : तिनं राजीखुशीनं दिली.

प्राध्यापक : प्राचार्यांनीही राजीखुशीनंच दिल्यात.

बागायतदार : दाजी, विषय यंत्राचा चाललाय.

प्राध्यापक : किल्लीचा चाललाय. मोटरीच्या पेटीची किल्ली कुणाकडे असते?

बागायतदार : माझ्याकडे. बिलही मीच भरतो!

प्राध्यापक : कसलं बिल? साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत २०२४ पासून सरकार भरतंय.

बागायतदार : माझी दहाची आहे.

प्राध्यापक : पाच जणांच्या विहिरीवर दहाची मोटर? बाकीच्या चौघांना माहितीये?

बागायतदार : किल्लीचं बाकीच्या तीन कॉलेजांना माहितीये?