उष्णतावाल्या काकू

अक्षता पडल्या आहेत आणि पहिली पंगत अजून बसायची आहे, एवढ्या मधल्या वेळात या काकू तुम्हाला कार्यालयात गाठतात. तुम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या असाल आणि गालावर एखादी पुटकुळी असेल, तर नाव-गाव विचारायच्या आधी हनुवटी धरली जाते, तोंड खिडकीकडे वळवलं जातं आणि चारचौघींना ऐकू जाईल असं निदान होतं, "उष्णता!" लगेच पुढचा प्रश्न, "पोट साफ होतं का गं रोज?" शेजारी नवऱ्या मुलाचा मावसभाऊ आइस्क्रीम खात उभा असतो, पण काकूंच्या लेखी तो बघ्यांपैकी एक.

काकूंचं सगळं वैद्यक उष्णतेवर उभं आहे. तोंड आलं, उष्णता. केस गळतात, उष्णता. वयात येताना त्वचेतल्या तेलग्रंथी जोमात येतात, मेलेल्या पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत अडकलेल्या तेलावर जंतू वाढतात आणि सूज येते, असं मी त्यांना एकदा समजावून बघितलं. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेच. उष्णता."

उपाय मात्र भरपूर. रात्री जायफळ दुधात उगाळून लावायचं, सकाळी डाळीचं पीठ आणि साय, रविवारी लिंबाची फोड चोळायची. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून आणखी काळी पडू शकते, हे काकूंना मंजूर नाही. लिंबू थंड असतं. अगदीच घाई असेल तर टूथपेस्ट. पण त्यांचा खरा जीव पिकलेल्या पुटकुळीत अडकलेला असतो. पांढरं टोक दिसलं की त्यांचं बोलण्यातलं लक्ष उडतं. "पिकलीय गं. काढते की पटकन, कळणारसुद्धा नाही." दोन्ही अंगठ्यांची नखं समोरासमोर येतात. दाबल्यावर थोडी घाण बाहेर येते, थोडी आत खोल ढकलली जाते, तिथली सूज वाढते, आणि मग जो खड्डा पडतो तो कुठल्याही सायीने भरून येत नाही.

असं असूनही काकूंची ख्याती तीन पिढ्या टिकून आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर पुटकुळी बसली की मागे तपकिरी डाग राहतो. तो व्रण नव्हे, नुसता रंग असतो. खाजवाखाजव केली नाही आणि ऊन टाळलं तर बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप फिका पडतो. काकू पेशंट पकडतात ते नेमके याच हंगामात. डाग जातो त्याच्या त्याच्या चालीने, आणि नाव होतं जायफळाचं. खड्डा राहिला तर? "मध्येच सोडलं असणार. आजकालच्या मुलींना धीर कुठला!" म्हणजे यश काकूंचं आणि खड्डा तुमचा.

हल्ली काकूंनी आधुनिक शाखाही उघडली आहे. "माझ्या जावेला आठ दिवसांत फरक पडला," म्हणत त्या पर्समधून एक पिळलेली ट्यूब काढतात. इथे मात्र मला हसू येत नाही. असल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, आणि लावणं थांबवलं की लाली, आग आणि पुटकुळ्या दुपटीने परत. 2018 साली सरकारने स्टेरॉइडच्या बऱ्याच मलमांची डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, पण ही बातमी काकूंच्या मेडिकलवाल्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.

डॉक्टर या जमातीबद्दल त्यांना मनापासून कीव वाटते. भाचीला त्वचेच्या डॉक्टरांनी रात्री लावायला अ‍ॅडापलीनचं मलम दिलं, तेही वाटाण्याएवढं; दिवसा सनस्क्रीन, आणि वर ताकीद, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील, तोवर चेहऱ्याला हात लावायचा नाही. "हात लावायचा नाही?" काकू थक्क झाल्या. "पैसे घेऊन हे सांगितलं?" काहीही न करणं हाही उपचार असतो, हे त्यांच्या हातांना पटणं शक्यच नव्हतं. आणि माया खरी. भाचीसाठी जायफळ उगाळून, वाटीवर झाकण ठेवून, दोन बस बदलून त्या स्वतः घेऊन आल्या. भाचीने ती वाटी फ्रीजमध्ये ठेवली, आईने चुकून बासुंदीत घातली. बासुंदी छान झाली.

काकूंच्या स्वतःच्या डाव्या गालावर दोन ठसठशीत खड्डे आहेत. कोणी विचारलं तर "कांजिण्यांचे" म्हणतात. परवा हळदीकुंकवाला त्यांच्या थोरल्या बहिणीने भर बैठकीत तोंड उघडलं. "कसल्या कांजिण्या! साखरपुड्याच्या आदल्या रात्री आमच्या आत्याने हिच्या दोन पिकलेल्या फोडल्या होत्या."

सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या. काकूंनी डाळीची वाटी शांतपणे खाली ठेवली.

"आत्याचा हात फार हलका होता," त्या म्हणाल्या. "मीच हलले."