नानांचा ग्रीन टी

अहो, ऐकलंत का? या, जरा इकडे कुंपणाशी या, मोठ्यानं नाही बोलता येत. नानांचा तीन महिन्यांचा शुगरचा रिपोर्ट आला. सव्वासातची गेली साडेआठवर! आणि कशानं, तर त्या ग्रीन टीनं. म्हणजे टीनं नाही हो, पण... सांगते.

त्यांची दोरी तुम्ही बघताच. बनियनच्या शेजारी चिमट्यानं टी-बॅगा वाळत घातलेल्या! एक बॅग तीनदा वापरायची. "एवढी महागाची वस्तू एकदा बुडवून टाकायची?" इति नाना. आणि माई बिचाऱ्या मुकाट्यानं वाळत घालतात. मी तर इतके दिवस आपल्या गवती चहालाच ग्रीन टी समजत होते, तुम्हाला म्हणून सांगते.

तर काय सांगत होते... हां, रविवारी मी विरजण मागायला गेले, तर घर भरलेलं. व्याही आलेले, आणि ती फार्मसीवाली भाची. नाना कप उंचावून म्हणतात कसे, "जपानी लोक दिवसाला सहा कप पितात, म्हणून त्यांना डायबेटिस नाही. सगळी अँटिऑक्सिडंटची कमाल!"

भाची आधी गोडच बोलली. "मामा, अँटिऑक्सिडंट असतात, खोटं नाही. पानं खुडली की लगेच वाफवतात किंवा भाजतात, म्हणून त्यातली कॅटेचिनं टिकतात. आपल्या काळ्या चहात ती बरीचशी बदलून जातात. साखर वाढली की शरीराला आतून गंज चढतो म्हणा ना, त्याला ती थोडा आळा घालतात." नानांनी व्याह्यांकडे असं पाहिलं, की बघा!

"पण," ती म्हणाली, "तुम्ही म्हणता त्यामागचा जपानचा अभ्यास २००६ सालचा, १७ हजारांवर माणसांचा. सहा कपवाल्यांत डायबेटिस होण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यानं कमी दिसलं. पण ती माणसं मुळात बिनडायबेटिसची! तुमचा तर जुना झालाय. २०२० साली २७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर उपाशीपोटीची साखर सरासरी दीड मिलिग्रॅमनं उतरली. तीन महिन्यांच्या आकड्यात नाव घेण्यासारखं काही नाही."

दीड! अहो, नानांची उपाशीपोटी एकशे साठ.

तेवढ्यात माईंनी हळूच विचारलं, "मध चालतो ना गं त्यात?" झालं! कपाला दोन चमचे, म्हणजे सहा कपांचे दिवसाला बारा. अर्धी वाटी मध हो! भाचीचा चेहरा बघायला हवा होता. तिनं विचारलं, "आणि गोळ्या?" नाना पंख्याकडे बघायला लागले. गोळ्या कुठे निघाल्या माहितीय? चष्म्याच्या घरात, कापसाखाली. माईंचं तोंड एवढंसं झालं. व्याही मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले.

ग्रीन टीच्या कॅप्सूलही मागवून ठेवल्या होत्या. त्या तिनं सरळ पर्समध्ये टाकल्या. अर्काचा डोस जास्त झाला तर म्हणे लिव्हरला बाधतो. चहा प्या म्हणाली, बिनसाखरेचा, बिनमधाचा, पण गोळी घेऊन. आणि माईंना जेवणावर पाजू नका, त्यांचं हिमोग्लोबिन आधीच नऊ, चहानं लोह नीट अंगी लागत नाही.

आता बिनमधाचा नानांच्या घशाखाली उतरेना. उरलेली खोकी वाटत सुटलेत. मला काल एक मिळालं, फोडलेलं. तुमच्याकडे संध्याकाळी येणारेत, बॅगा नीट मोजून घ्या हं, त्यातल्या दोन-तीन दोरीवरच्या असायच्या!