फॉरमॅट हा उपचार नव्हे

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तिथे बसून मंडळी सातासमुद्रापारच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात. त्याच तालुक्यात पौडकडे एखाद्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू करून माणूस चहा पिऊन येतो, तरी पडद्यावरचं चक्र गरगरतच असतं. निदान मात्र सगळीकडे एकच: ‘व्हायरस असणार, फॉरमॅट मारून घ्या.’ माझं म्हणणं असं, की हे औषध बहुधा नाडी न बघताच दिलेलं असतं. कॉम्प्युटर अख्खा क्वचितच मंद असतो. त्यातली एखादीच जागा मंद असते आणि बाकीचे सगळे तिच्यापायी ताटकळतात. हिंजवडीकरांना हे वेगळं सांगायला नको. गाडी ताशी दीडशेने पळणारी असली म्हणून शिवाजी चौक लवकर सुटत नाही, आणि चौकात अडकल्यावर कोणी बॉनेट उघडून इंजिन धूत बसत नाही.

जुन्या डेस्कटॉपात ही अडलेली जागा बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. ती मिनिटाला ७,२०० फेरे मारणारी तबकडी. ऐकायला वेग जबर वाटतो. पण इकडेतिकडे विखुरलेले तुकडे गोळा करायचे तर तिचा हेड सेकंदाला शंभरेक ठिकाणीच पोचतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने तीच कामं हजारोंनी होतात. यावर हमखास ऐकू येतं, ‘पण फॉरमॅटनंतर मशीन पळतं की!’ पळतं, खरं आहे. कारण चालू होताच उठून बसणारे दोन अँटिव्हायरस आणि प्रिंटरसोबत आलेले चार बिनकामाचे मदतनीस तेवढ्यापुरते घराबाहेर गेलेले असतात. महिन्याभरात ते परततात. तबकडीचे फेरे मात्र फॉरमॅटच्या आधी तेवढेच आणि नंतरही तेवढेच.

एक्स्टर्नल ड्राइव्हची कहाणी याहून गमतीची. लग्नाचं शूटिंग ६० जीबी. २००० साली आलेलं यूएसबी २.० सेकंदाला ४८० देतं म्हणतात. पण ते मेगाबिट. आठाने भागलं की ६० मेगाबाइट उरतात, आणि प्रत्यक्षात पस्तीसेक हाती लागतात. म्हणजे अर्धा तास गेला. तीच डिस्क २००८च्या यूएसबी ३.०ला लावली तर दहा-बारा मिनिटांत काम होतं. बऱ्याच जुन्या कॅबिनेटांत पुढची काळी पोर्टं पहिल्या प्रकारची आणि मागची निळी दुसऱ्या. पण मागे जायचं म्हणजे टेबल सरकवायचं, आणि टेबलामागे दिवाळीच्या साफसफाईनंतर कोणी फिरकलेलं नसतं. निळ्या पोर्टातही रखडत असेल, तर वायर बदलून पाहावी. दहा हजार छोटे फोटो एका मोठ्या व्हिडिओपेक्षा सावकाशच जातात, कारण प्रत्येक फाइलची नोंद वेगळी करावी लागते. आणि डिस्क टकटक आवाज करू लागली असेल, तर वेगाचा विचार सोडून आधी त्यातलं महत्त्वाचं दुसरीकडे हलवावं.

‘एवढी उस्तवार करण्यापेक्षा नवाच घ्यावा,’ असाही एक पक्ष आहे. त्याच्याकडे एक सबळ मुद्दा आहे: विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ज्या मशीनवर ११ चढत नाही, त्याचा विचार करावाच लागेल. पण ११ चढत असेल, तर एक एसएसडी आणि थोडी जादा रॅम नव्या मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शिवाय आत साचलेली धूळ ब्रशने काढायला तर काहीच पडत नाही; पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. नव्या मशीनलाही डिस्क काळ्या पोर्टातच लावली, तर शूटिंगला पुन्हा अर्धा तासच लागेल.

तेव्हा दुकानदाराला फोन लावण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी कोणता रकाना शंभर टक्क्यांना टेकलाय ते पाहा, आणि फक्त त्याच्यावर खर्च करा.