गाडीमागे घर: रत्नागिरीस येणाऱ्या नवशिक्यांसाठी सूचना

प्रथम अभिनंदन. गाडीच्या मागे चाकांवरचे घर लावून रत्नागिरीला यायचे तुम्ही ठरवले आहे. 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या विचाराला सरकारी आशीर्वादही आहे. अख्खा बिऱ्हाडबिस्तरा घेऊन रत्नागिरीत उतरणारे तुम्ही काही पहिले नव्हेत. 1886 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला राण्यामुलींसह इथे आणून ठेवले, आणि राजवाडा त्याला मिळाला तो 1910 मध्ये. घर बरोबर आणावे हे राजाला सुचले नाही, तुम्हाला सुचले. पुढचे तेवढे नीट वाचा.

सुरुवात गाडीच्या पुस्तिकेपासून करा. प्लास्टिकच्या पिशवीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली ती असते. तुमची गाडी किती किलोचा ट्रेलर ओढू शकते, हा आकडा तिच्यात शोधा. आकडा नसेल, किंवा ‘ट्रेलर ओढू नये’ असे लिहिले असेल, तर पुस्तिका मिटून सरळ एसटीचे आरक्षण करा. आकडा सापडलाच, तरी नवशिक्याने त्याच्या टोकाला जायचे नसते. इंग्लंडातले कॅराव्हॅनवाले नव्या माणसाला सांगतात, की भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांत ठेव. त्यांच्याकडे आंबा घाट नाही, हे लक्षात घेऊन तुम्ही आणखी खाली या.

मग टो-बॉल. हा 50 मिलिमीटरचा लोखंडी गोळा गाडीच्या चेसिसला बसवायचा असतो, बंपरला नव्हे. बंपर हल्ली प्लास्टिकचा असतो आणि त्याचे काम शोभेचे आहे. ‘होऊन जाईल साहेब, दोन टाके मारतो’ असे म्हणणारा वेल्डिंगवाला भेटला तर त्याला चहा पाजून निरोप द्या. गोळ्याखालून दोन सुरक्षा साखळ्या फुलीसारख्या आडव्या घ्या, म्हणजे कडी निसटलीच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलला जाईल. ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते. मागचे दिवे, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर गाडीच्या दिव्यांबरोबर लागतात का, ते अंधारात बायकोला मागे उभे करून पाहा. बाजूचे आरसे लांब करा. मागच्या टायरांत दाराच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी लिहिली आहे तेवढी हवा भरा. इथवर अवघड काहीच नाही.

खरी विद्या वजन लावण्यात आहे. ट्रेलरचा पुढचा दांडा टो-बॉलवर जे ओझे टाकतो, ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के असावे लागते. हजार किलोची कॅराव्हॅन असेल तर 50 ते 70 किलो. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवा, मध्ये लाकडाचा ठोकळा द्या आणि आकडा वाचा. जड सामान आसाच्या वर आणि तळाला, हलके वरच्या फळ्यांवर, आणि अगदी मागच्या टोकाला शक्यतो काहीच नाही. मागे भार झाला की बैलगाडी उलाळते, हे कोकणातल्या कुठल्याही जुन्या गाडीवानाला ठाऊक होते. ट्रेलरही उलाळतो, पण वेग असल्यामुळे तेवढ्यावर न थांबता डावीउजवीकडे शेपूट हलवू लागतो आणि मग तुमच्या गाडीलाही हलवतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि कुलदैवत आठवायचे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग सिद्ध झालेला आहे.

हे सगळे येतानाचे शास्त्र. जातानाचे कुठल्याही पुस्तकात नाही. तुम्ही मे महिन्यात येणार, म्हणजे निघायच्या सकाळी नातेवाईक ‘काही नाही, थोडेसेच’ असे म्हणत कॅराव्हॅनपाशी जमणार. हापूसची पाच डझनी पेटी. तिच्यावर ‘ही शेजाऱ्यांना द्या’ म्हणून दुसरी. न सोललेले नारळ, गोणीत. एक कापा फणस, जो मांडीवर घेऊन प्रवास करता येत नाही. आमसुले, कोकम आगळाच्या बाटल्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली फणसपोळी. आता कॅराव्हॅनचे दार कुठे आहे? बहुधा मागच्या बाजूला. मग हे सारे कुठे जाऊन बसणार? दारातून हात पोहोचेल तिथे, म्हणजे नेमके मागच्या टोकाला. दांड्यावरचे तुमचे 60 किलो बघता बघता 20 वर येतात आणि काका टायरला लाथ मारून ‘चांगली दबली आहे, आता रस्ता सोडायची नाही’ असा दाखला देतात. त्यांच्यासमोर सामान काढू नका, अपमान होतो. हातखंब्याला पोहोचलात की गाडी बाजूला घ्या आणि पेट्या आसावर आणून लावा. फणस पुढे ठेवा. त्याचा तेवढाच उपयोग.

रस्त्याविषयी थोडक्यात. मुंबईकडून येणार असाल तर महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून सुरू आहे, तेव्हा आणखी एखाद्या हंगामाने तुमचे काही बिघडत नाही. कोल्हापूरकडून येणार असाल तर आंबा घाट उतरावा लागेल. 2021 च्या जुलैत तिथे दरडींनी रस्ताच नेला होता, म्हणून पावसाळ्यात विचारून निघा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. वळणावळणाला ब्रेक दाबत आलात तर साखरप्याला पोहोचेपर्यंत ब्रेकच्या करपल्या वासाने भूक मरेल. रस्ता टाळावा म्हणाल, तर कोकण रेल्वेने ऑगस्ट 2025 मध्ये गणपतीसाठी मोटारी रेल्वेवर चढवून नेण्याची सोय केली होती, कोलाड ते वेर्णे, एका मोटारीला 7,875 रुपये. वाटेत उतरायला मिळाले ते सिंधुदुर्गात नांदगावला. रत्नागिरीकराने आपले गाव खिडकीतून पाहायचे.

गाडी बंद पडली तर टोचन. नियम असा, की दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोरी लांबून दिसली पाहिजे आणि मागच्या गाडीत परवानाधारक माणूस बसलेला हवा. इंजिन बंद असले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखी जड होतात, म्हणून तिथे घरातला सर्वांत शांत माणूस बसवा. गाडीचा मालक तो क्वचितच असतो. दोरी अडकवायचा हुक जॅकच्या शेजारी, डिकीच्या तळाला असतो. म्हणजे भर पावसात आधी सगळे सामान रस्त्यावर मांडायचे. येणारेजाणारे थांबून ‘विकायला आहे काय?’ असे विचारतील. उत्तर देऊ नका, भाव पाडतात.

आता शेवटचे दोनशे मीटर. महामार्ग सोडून वाडीत शिरलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असतात. गडगा सरकत नाही. समोरून रिक्षा येते, आणि रिक्षावाल्याच्या मते मागे जायचे असते ते तुम्ही. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते. सोपी युक्ती अशी, की स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात सरकवा. युक्ती अचूक आहे. पण तोवर चार माणसे मागे उभी राहिलेली असतात. एक ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो, दुसरा ‘डावीकडे मार’ म्हणतो, आणि ही डावी त्याची की तुमची, हे गडग्याला लागल्यावर कळते. तिसरा काही बोलत नाही. काम झाल्यावर तो जवळ येऊन एवढेच विचारतो, ‘घर सोडून आला असता तर नसते चालले?’

मुक्कामाची जागा निवडताना वर पाहा. माडाखाली गाडी लावणाऱ्याला विमा कंपनीही हसते. मोकळा कातळसडा दिसला म्हणून त्यावर चढवू नका; पायाखाली कातळशिल्प असू शकते. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे इथली शिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि कित्येक हजार वर्षे टिकलेल्या हत्तीवर तुमच्या टायरची नक्षी नको. जूननंतर येत असाल तर इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छताच्या जोडांना लावलेले सिलिकॉन पुण्यात उत्तम असेल.

एवढे करून कॅराव्हॅन सपाट जागी उभी राहिली, चाकांना लाकडी ठोकळे लागले, पाय टेकले, आतल्या गाद्या पसरल्या, की मावशी येते. ‘अंगणात गाडीत झोपणार? वाडीत काय म्हणतील? मला घर नाही का?’ या प्रश्नांना पुस्तिकेत उत्तर नाही. तुम्ही माजघरात झोपता, आणि कॅराव्हॅनमध्ये दुसऱ्या दिवसापासून मिरच्या वाळत पडतात.

म्हणून नवशिक्याला सांगणे एकच. कॅराव्हॅन पुण्यातच राहू दे, साधी गाडी घेऊन या. आणि निघण्यापूर्वी किती माणसे येताय ते मावशीला फोनवर सांगा. ती तेवढ्याच गाद्या काढते.