इमादशाहीत बाबागाडी

दोन वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर घेऊन विमानात बसलं, की त्याचं तिकीट मोठ्याच्या साधारण दहा टक्के पडतं. शेंगेन व्हिसाला मोठ्या माणसाचे ९० युरो लागतात. सहा वर्षांखालच्याला छदामही नाही. म्हणजे युरोप लेकरांना जवळपास फुकटच आहे, महाग पडतात ते त्यांचे आईबाप. ही माहिती बायकोनं शोधून काढली आणि चिरंजीव पावणेदोन वर्षांचे झाल्यापासून ती आमच्याकडे रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचली जाऊ लागली. दुसरा वाढदिवस विम्याच्या हप्त्याच्या शेवटच्या तारखेसारखा जवळ येत होता.

तिला प्राग पाहायचं होतं. १४१० सालचं घड्याळ, १३५७ मध्ये पाया घातलेला चार्ल्स पूल, जुन्या गल्ल्या. त्यात २०२५ च्या एप्रिलात बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून अमरावतीकराला युरोप बडनेऱ्याच्या जरासा पलीकडंच वाटतो. मी कागद-पेन घेऊन बसलो. बेरीज पाहून आई म्हणाली, "एवढ्या पैशात तं घरावर एक माळा चढते बाप्पा."

मग मी अचलपूर काढलं.

ऐतिहासिक शहराला काय लागतं? जुना तट पाहिजे, वेशीचे दरवाजे पाहिजेत, नदी पाहिजे, बुडालेलं एखादं राजघराणं पाहिजे आणि फोटोत यायला पाण्यात उभा असलेला एखादा मनोरा. अचलपूरकडे हे सगळं आहे. नद्या तर दोन आहेत, सापन आणि बिच्छन. परकोट अमरावतीतही आहे, पण पेंढाऱ्यांच्या धाकानं बांधलेल्या त्या तटातल्या जवाहर गेटातून आम्ही रोज ये-जा करतो. त्याला सहल म्हणवत नाही. बायको अकोल्याची. तिनं अचलपूरला तोडीस तोड म्हणून असदगडाचं नाव घेतलं. पण असदगड पाहायचा तर अकोल्याला जावं लागेल, तिथं सासुरवाडी आहे, म्हणजे बजेट पुन्हा प्रागच्या वर जाईल, हे मी मनातल्या मनात बोललो.

एसटीत बसल्यावर माझी कौटुंबिक किंमत मला पहिल्यांदा आकड्यात कळली. आई पंचाहत्तरच्या पुढची, तिला प्रवास फुकट. बायकोला अर्धं तिकीट. चिरंजीव पाच वर्षांच्या आतले, तेही फुकट. कंडक्टरनं चौघांकडे पाहून मनाशी हिशेब केला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "फुल तिकीट तुमचं एकट्याचंच आहे भाऊ." आवाजात खरी सहानुभूती होती. मग त्याची नजर बाबागाडीकडे गेली. "हे काय हाय?"

"लेकराची गाडी."

"गाडीत गाडी काहाले आणली?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पुढच्या सीटवरच्या एका आजोबांनी ती घडी घालायचा प्रयत्न केला, त्यांच्या शेजाऱ्यानं उघडायचा केला, आणि वलगाव येईपर्यंत निम्मी बस त्या कामाला लागली होती. आसेगावला कोणीतरी तिच्यात संत्र्यांची पिशवी ठेवली. परतवाड्यापर्यंत ती पिशवी तिथंच होती आणि चिरंजीव माझ्या मांडीवर होते. बाबागाडीचा उपयोग झाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये.

परतवाडा ही इंग्रजांची छावणी. अचलपूर त्याच्या शेजारचं, त्याच्या कितीतरी आधीचं. ऑटोनं दुल्हा दरवाजापाशी उतरलो आणि मी माझं व्याख्यान सुरू केलं. विजयनगरच्या मुलखातल्या एका कानडी ब्राह्मण घरातलं मूल लढाईत पकडलं गेलं, बहामनी चाकरीत वाढलं, वऱ्हाडाचा सुभेदार झालं आणि १४९० मध्ये स्वतंत्र होऊन बसलं. तो फत्तेउल्ला इमादउल्मुल्क. त्याच्या इमादशाहीची राजधानी हे एलिचपूर, म्हणजेच अचलपूर. चौऱ्याऐंशी वर्षं राज्य चाललं. बायको ऐकत होती. आई दरवाजाच्या सावलीत बसून संत्रं सोलत होती. चिरंजिवांनी इमादशाहीकडे पाठ केली होती, कारण समोरच्या ओट्यावर एक बकरी उभी होती.

ती बकरी आम्ही फार वेळ पाहिली. मग तिचं पिल्लू. मग दुसऱ्या ओट्यावरची दुसरी बकरी. पावणेदोन वर्षांच्या माणसाची नजर जमिनीपासून दोन फुटांवर असते, आणि स्थापत्य, काय प्रागचं अन् काय अचलपूरचं, त्याच्या वरती सुरू होतं. दोन फुटांखाली सगळी ऐतिहासिक शहरं सारखीच असावीत. एखादी पायरी, थोडं सांडलेलं पाणी, कोणाची तरी चप्पल, आणि जे काही चार पायांवर चालतं ते. बापाचं काम वरच्या बाजूला पाटी वाचत उभं राहायचं.

बायकोनं विचारलं, "शेवट कसा झाला हो यांचा?"

शेवट मला तोंडपाठ होता. शेवटचा बुऱ्हाण इमादशहा गादीवर आला तेव्हा लहान मूल होता. सरदार तुफालखानानं कारभार हाती घेतला आणि पोराला नरनाळ्याच्या किल्ल्यात डांबून ठेवलं. मग १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहानं दोघांनाही पकडलं आणि वऱ्हाड गिळलं. हे सांगताना मला त्या तुफालखानाबद्दल नकळत आदर वाटला. घरातल्या लहान मुलाला किल्ल्यात बसवून कारभार स्वतःकडे घेणं एका वऱ्हाडी माणसाला जमलं होतं. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. डांबलेले आम्ही आहोत, आणि शहा बकरीमागे धावतायत.

हौज कटोऱ्याला जायचा आग्रह माझा. अष्टकोनी, मजले चढवलेला मनोरा हौदाच्या मधोमध उभा आहे. हे प्रागमध्ये असतं तर काठावर कॉफीच्या टेबलाला रांग असती. पाऊस नुकताच सरला होता, हौदात पाणी होतं. मी म्हणालो, "बघ, पाण्यात घर!" चिरंजिवांनी घराकडे न बघता पाणी बघितलं, पायातली चप्पल काढली आणि शांतपणे इतिहासात फेकली. दुसरी फेकायच्या आत आजीनं हात धरला. उरलेली एक चप्पल बाबागाडीत ठेवली. गाडीला पुन्हा काम मिळालं.

इथून उत्तरेला सातपुड्याचे डोंगर दिसतात. त्यात गाविलगड आहे. तो पाहून यायचा का, असं मी विचारलं, तेव्हा घरातल्या दोन्ही बायका एकदम "नाही" म्हणाल्या. सासू-सुनेचं एकमत होण्याचा हा प्रसंग मी जपून ठेवला आहे. त्यांचं बरोबरही होतं. १८०३ च्या नोव्हेंबरात आडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली याच एलिचपुरात आला, जखमींसाठी इथं इस्पितळ लावलं आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. म्हणजे आम्ही युरोपला जायच्या कितीतरी आधी युरोप अचलपूर पाहून गेलं होतं. अर्थात त्याच्याकडे तोफा, हत्ती, बैल आणि कंपनीचा पैसा होता. सोबत पावणेदोन वर्षांचं लेकरू असतं तर तो परतवाड्याच्या पुढं सरकला नसता.

शेवटी रेल्वेस्टेशन. ही मात्र चिरंजिवांची आवड. "झुक" हा त्यांचा चौथा शब्द. मूर्तिजापूर–अचलपूर, ७६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, १९१३ पासूनची ही शकुंतला. तिचं इंजिन मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं होतं आणि १९९४ पर्यंत वाफेवर चाललं. मालकी जुन्या खासगी कंपनीची, चालवणारी सरकारी रेल्वे, असा तो विचित्र संसार स्वातंत्र्यानंतरही टिकला. आता गाडी बंद आहे. रुळांत गवत आहे. लोक अजून मागणी करतात.

आई इथं पहिल्यांदा बोलकी झाली. दर्यापूरच्या आत्याकडे ती लहानपणी याच गाडीनं जायची. "इतकी हळू जाये का लोकं उतरून हरभऱ्याचे घाटे तोडून पुन्हा डब्यात चढत," ती म्हणाली. "घाई असली तं पायी जात, सवड असली तं शकुंतला." तिचं सगळं ऐकून झाल्यावर चिरंजिवांनी रुळाकडे बोट केलं. "झुक?"

"नाही रे बाबू. बंद झाली."

"झुक?"

पाऊण तास आम्ही बंद पडलेल्या स्टेशनावर गाडीची वाट पाहिली. कारण गाडी येत नाही हे पटवण्यापेक्षा तिची वाट पाहणं सोपं होतं, आणि तसंही अर्ध्या वऱ्हाडानं हेच धोरण ठेवलं आहे. मध्येच एक मुलगा सायकलवरून गेला आणि त्यानं तोंडानं शिट्टी मारली. तेवढ्यावर भागलं.

परतीच्या बसमध्ये बायकोनं हिशेब केला: माझं तिकीट, तिचं अर्धं, ऑटो, आलुबोंडे, एक चप्पल. प्रागच्या कागदाशी तुलना करून ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं. तर आईच पुढं सरसावली.

"पुढच्या बारीले बाळापूर. किल्ला हाय, मन अन् म्हैस दोन नद्यांच्या मधात. मिर्झाराजे जयसिंगाची छत्री हाय. अन् तिथून शेगाव किती दूर हाय? दर्शन होते, कचोरी होते."

बाळापूर अकोला जिल्ह्यात येतं, त्यामुळे सुनेचा चेहरा एकदम खुलला. मी मात्र शंका काढली. इतक्या दूर जायचं, वर ऊन, एवढ्याशा पोराला किल्ल्यात काय दिसणार?

"काऊन? बकऱ्या नाहीत का बाळापुरात?" आई म्हणाली. "अन् ते गाडी घेजो सोबत. कचोऱ्या ठेवाले बरी हाय."