जावईबापूंचा सूर्योदय

न्यू जर्सीला आमच्या जावईबापूंच्या घरी सूर्य दुपारी बारा वाजता उगवतो. आधी निळसर फटफटतं, मग पांढरं ऊन चढतं आणि रात्री दहाला सगळं मावळतं. बाहेरचा सूर्य त्याच्या वेळेला येतो-जातो, पण त्याच्याकडे या घरात कुणी बघत नाही. मी बोलतेय ती दिवाणखान्यातल्या सूर्याबद्दल. हा एलईडीचा, चार फुटी काचेच्या टाकीवर तारांनी टांगलेला, फोनवरून चालणारा. त्याच्याखाली खारं पाणी, पाण्यात खडक आणि खडकांवर जिवंत प्रवाळ.

"विषुववृत्ताजवळ सहाला उजाडतं," आल्या आल्याच मी म्हणाले. उभा जन्म मालवणात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला की असली वाक्यं न विचारता तोंडातून पडतात.

"हो आई, पण सहाला उजाडलं तर सहाला मावळेल. मी ऑफिसातून येतो सातला. मग बघायचं कधी?"

म्हणजे प्रवाळ दुसऱ्या पाळीला. दिव्याच्या खोक्यावर 'नैसर्गिक प्रवाळबेटासारखा प्रकाश' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याखाली 'साहेबांच्या सोयीने' एवढं छापायचं तेवढं राहून गेलं होतं.

एवढा सोहळा कशासाठी, तर प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याचं बहुतेक पोट उजेडावर चालतं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाच्या हवाली करतं. उजेड कमी पडला तर दोघंही उपाशी. फार झाला तर शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच घराबाहेर काढतं. मग पांढरंफटक पडतं. पाणी तापल्यावरही हेच होतं. १९९८ साली लक्षद्वीपला ते मोठ्या प्रमाणावर झालं होतं. म्हणून नवा दिवा आणला की पहिल्या दिवशी पुरता लावायचा नसतो, आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा वाढवायचा. नव्या सुनेला सुद्धा आमच्याकडे इतकी सवलत नव्हती.

हा नाद आपल्याकडे करता येत नाही, हे एका परीने बरंच आहे. खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. अमेरिकेत मात्र टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा बोटभर तुकडा राजरोस विकत मिळतो. महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी टाकी बघून विचारलं, "मंगळासाठी अंगठीत घालतात ते यातलं कुठलं?" ते यातलं कुठलंच नाही. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतं, त्याच्यात शैवालही नसतं आणि त्याला दिव्याचीही गरज नसते. हे ऐकून लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग तेच का नाही पाळलं?" विजेचं बिल ती भरते.

आता रंगाकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. संध्याकाळी टाकी अशी निळीजांभळी होते की समोर बसलेल्या माणसाचे दात चमकतात. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "ह्यो समुद्र आसा काय लग्नाचो मांडव?"

जावईबापूंचं उत्तर तयार होतं. पाणी लाल प्रकाश आधी गिळतं. स्वच्छ समुद्रातही पहिल्या पाच-दहा मीटरांत तांबडा जवळजवळ संपतो, मग नारिंगी, पिवळा, आणि सगळ्यांत खोल जातो तो निळा. शैवालालाही साधारण ४३० ते ४६० नॅनोमीटरचा निळा चांगला मानवतो. हे सगळं बरोबर आहे, यात मी एक गुणही कापणार नाही. पण जावईबापूंच्या खडकावरची निम्मी मंडळी मूळची जिथली, तिथे कमरेएवढ्या पाण्यात रणरणतं पांढरं ऊन पडतं. भरदुपारचं ऊन साधारण साडेपाच-सहा हजार केल्विनचं. टाकीवरचा उजेड वीस हजारांचा. आणि मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास जी प्रवाळं आहेत, ती बिचारी हिरवट गढूळ पाण्यात निमूट वाढतात. असला निळा त्यांनी जन्मात पाहिलेला नाही.

मग निळा कुणासाठी? बघणाऱ्यासाठी. प्रवाळाच्या अंगात अशी प्रथिनं असतात की निळा प्रकाश पडला की ती हिरवी, नारिंगी, गुलाबी चमकतात. असलंच एक हिरवं प्रथिन पहिल्यांदा जेलीफिशमध्ये सापडलं आणि त्यावरच्या कामाला २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढऱ्या उजेडात जे प्रवाळ मातकट दिसतं, ते निळ्यात झगमगतं. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून दुकानातल्या टाक्या निळ्याच. बरं, इतका निळा केला की फोटोत नुसती शाई दिसते. मग फोनच्या कॅमेऱ्यावर नारिंगी काच लावायची आणि पाहुण्यांना नारिंगी चष्मे द्यायचे. आधी पैसे मोजून निळा आणायचा, मग पैसे मोजून तो गाळायचा!

शनिवारी मोजणी असते. 'पार मीटर' नावाचं एक यंत्र, म्हणजे लांब दांडीच्या टोकाला बटणाएवढा डोळा. प्रवाळाच्या शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश ते मोजतं. जावईबापूंची बाही खांद्यापर्यंत वर, हात काखेपर्यंत पाण्यात आणि माझ्या हातात वही.

"वाळू, डावा कोपरा?"

"सत्तर."

"मधला खडक?"

"एकशेऐंशी. थांबा, लाट आली. एकशेपंचाहत्तर."

"शेंडा?"

"तीनशे चाळीस!" हे मात्र दहावीत बोर्डात आल्यासारखं.

उष्ण कटिबंधात समुद्राच्या पृष्ठभागावर भरदुपारी हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो, हे मी सांगितलं नाही. त्यांचा आनंद खरा होता, आणि तीनशे चाळीसवर फांद्यांचं अॅक्रोपोरा छान जगतं. वरच्या खडकावर तेच आहे. मांसल, फुगणारी मंडळी मधे आणि छत्रीसारखी मऊ 'मशरूम' खाली सावलीत. शेंड्यावरच्या एका तुकड्याला व्यापारात 'होमरेकर' म्हणतात. घर मोडणारी! किंमत विचारली तेव्हा लेक म्हणाली, "नाव उगाच नाही पडलं."

पूर्वी या टाकीवर मेटल हॅलाइडचा दिवा होता. त्याने पाण्यात खऱ्या उन्हासारखी जाळी पडायची, छतावरसुद्धा हलायची, मला ती आवडायची. पण तो पाणी इतकं तापवायचा की ते थंड करायला दुसरं यंत्र लागायचं. मग टी-फाइव्ह नळ्या आल्या. सगळीकडे सारखा उजेड, जाळी गायब. एलईडीने जाळी परत आणली, आणि येताना ढगही आणले.

हो, ढग. फोनवर एक बटण आहे, ते दाबलं की टाकीवर आभाळ येतं, अंधारतं आणि विजा चमकतात. जुलैत मी मागच्या डेकवर कोहळ्याचे सांडगे घातले होते. नातवाने बटण दाबलं. दिवाणखाना लखकन उजळला आणि आमचे हे सोफ्यावरून उठून धावले ते थेट सांडग्यांच्या ताटापाशी. कोकणातला माणूस वीज बघून विचार करत बसत नाही. बाहेर लख्ख ऊन. ताट घेऊन हे परत आले ते कुणाशी बोलले नाहीत.

सूड त्यांनी संकष्टीला उगवला. बाहेर खरोखरचे ढग, चंद्र काही दिसेना, माझा उपास लांबत चाललेला. दहाला टाकीतला सूर्य मावळला आणि मंद निळा चंद्र लागला. हे म्हणाले, "घे दर्शन, सोड उपास." मग जवळ जाऊन न्याहाळलं, भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं आणि जाहीर केलं, "जावईबापू, आज चतुर्थी. तुमच्याकडे पौर्णिमा चालू आहे."

जावईबापूंचा चेहरा उतरला. उतरणारच, कारण चंद्राची गंमत करून चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर असंख्य प्रवाळं वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत एकदम बीजं सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या मत्स्यालयाने ते बंद टाकीत करून दाखवलं आणि २०१७ साली त्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांनी पाण्याचं ऋतूंप्रमाणे बदलणारं तापमान, दिवसाची लांबी, चंद्राच्या कला, सगळं मूळच्या समुद्राबरहुकूम ठेवलं. तिथे कुणी प्रवाळाला ऑफिसच्या वेळा सांगितल्या नाहीत.

त्या रात्री जेवणं उशिरा झाली. ताटावर बसूनच जावईबापू फोनमधला चंद्र दुरुस्त करत होते आणि हे शेजारी कालनिर्णय मांडीवर घेऊन तिथी सांगत होते. पंचमी, षष्ठी, सप्तमी. अमावास्येपर्यंत सगळं सुरळीत गेलं. मग ह्यांनी चष्मा वर केला.

"आणि ग्रहण?"

जावईबापूंनी घास खाली ठेवला आणि सेटिंगमध्ये शोधायला लागले. लेकीने माझ्याकडे पाहिलं.