अध्यक्षसाहेब, तो चौथा मुद्दा तुम्ही का खोडलात?



तुमच्या संस्थेच्या शाळेत नववीच्या मुलामुलींसाठी मी घ्यायच्या तासाचा आराखडा मुख्याध्यापकांनी परत पाठवला, तेव्हा चौथ्या मुद्द्यावर लाल शाईची आडवी रेघ होती. पाळी, वयात येतानाचे बदल आणि नको असलेला स्पर्श हे पहिले तीन मुद्दे तुम्ही राहू दिलेत. चौथा होता ‘नको असलेली गर्भधारणा, गर्भपाताचा कायदा आणि मदत कुठे मिळते’. समासात तुमची सही आणि एक वाक्य: ‘आपल्या संस्थेच्या संस्कारांत हे बसत नाही.’ मुख्याध्यापकांना फोन केला तर म्हणाले, “मॅडम, वरून आलंय, माझ्या हातात काही नाही.” म्हणून हे पत्र थेट तुम्हाला, आणि चारचौघांत. रेघ तुम्ही मारलीत, तिचा जाबही तुम्हीच द्यायचा.

तो मुद्दा माझ्या डोक्यातून आलेला नव्हता. तुमच्याच शाळेतल्या मुलांनी तो मला दिला. माझ्या तासाला मुलं प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतात, नाव घालायचं नाही असा नियम आहे. मागच्या तासाच्या चिठ्ठ्या अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. वहीचे कोपरे फाडून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम वाकडंतिकडं लिहिलेल्या. ‘मेडिकलमधली गोळी घेतली की दिवस गेलेले मोकळे होतात का?’ ‘पोट पाडलं तर पुन्हा कधीच मूल होत नाही, हे खरं का?’ ‘पोट पाडलं तर पोलीस धरतात का?’ एका मुलाची होती: ‘मुलगी प्रेग्नंट राहिली तर मुलाला जेल होते का?’ ही चौदा वर्षांची मुलं आहेत. विषय त्यांच्यापर्यंत कधीचाच पोचलेला आहे. खरं उत्तर देणारं माणूस तेवढं तुम्ही दारात अडवलंत.

आणि हा विषय तुमच्या शाळेत बसत नाही, हे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता? दर वर्षी ‘स्त्रीभ्रूणहत्या: एक कलंक’ या विषयावर पाचवी-सहावीच्या मुलांच्या निबंध स्पर्धा कोण घेतं? त्याच विषयाची रांगोळी, पथनाट्य, प्रभातफेरी तुमच्याच पटांगणातून निघते आणि बक्षिसं तुमच्याच हस्ते दिली जातात. ती मोहीम गरजेची होती आणि आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि त्यामागे इथल्या बायकांच्या संघटनांची मेहनत होती, याचा मला अभिमान आहे. पण गावातल्या सोनोग्राफी सेंटरबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी वाचत आणि शाळेत कलंकावर निबंध लिहीत मोठी झालेली मुलगी शेवटी काय समजते? गर्भपात म्हणजे गुन्हा, एवढंच. अर्धी गोष्ट तुम्ही अकराव्या वर्षीच तिच्याकडून घोकून घेतलीत. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा आहे. पण संकटात सापडलेल्या स्त्रीने कायद्याच्या चौकटीत, नोंदणीकृत डॉक्टरकडून गर्भपात करून घेणं हा या देशात गुन्हा नाही. हे दुसरं वाक्य सांगायला मला पंधरा मिनिटं हवी होती.

गर्भपाताचा तो कायदा १९७१ सालचा आहे. त्याच्या पाठीमागे शांतिलाल शाह समितीचा अहवाल होता, कारण चोरूनमारून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ती सवलत ज्यांना आहे त्यांत अल्पवयीन मुली आणि बलात्कार सोसलेल्या स्त्रिया येतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पण पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती, अशी या कायद्यातली व्याख्या आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि मुलगी आजीजवळ राहते, अशी घरं आपल्या तालुक्यात किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. मागितला की मिळाला असा हक्क आपल्या कायद्यात नाही, शेवटचा शब्द डॉक्टरच्या मताचा आहे. ते योग्य की अयोग्य, यावर दहावीच्या मुलांनी वर्गात वाद घालावा असं मला मनापासून वाटतं. नागरिकशास्त्र म्हणजे आणखी काय असतं?

तुमच्या रेघेने काय नेलं ते आता सांगते. आठवडे नेले. आम्ही डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. म्हणजे पाळी चुकून एक आठवडा होतो, तेव्हाच आमच्या हिशेबात पाच आठवडे उलटलेले असतात. शाळकरी मुलीची पाळी मुळातच मागेपुढे होते आणि तारीख कुणी लिहून ठेवत नाही. दोन महिने असेच जातात. मग भीतीपोटी कुणाला न सांगण्यात आणखी दोन जातात. आईच्या लक्षात येतं तेव्हा पोट दिसायला लागलेलं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांनी, डॉक्टरच्या देखरेखीखाली जे सुखरूप होतं, ते पाचव्या महिन्यात मोठं आणि धोक्याचं होऊन बसतं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, पोटात गोळा आलाय म्हणून. बरोबर आई, हातात पिशवी, पिशवीत गॅसच्या औषधाची अर्धी बाटली. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती मुलगी नेमाने घेत होती. रक्त कमी असलं की पाळी येत नाही असं तिला मैत्रिणीने सांगितलेलं होतं, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला होता. सोनोग्राफीत सहा महिने निघाले. आई खुर्चीत बसली ती उठेना. मुलगी मला एकच विचारत राहिली, “पण मला कसं कळणार होतं?” तिच्यावर हात टाकणारा नात्यातलाच होता. त्याच्याविरुद्धची तक्रार, पोलीस, कोर्ट हे सगळं पुढे झालं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण ते तिला आठवीत मिळायला हवं होतं आणि तेव्हा तिच्या शाळेतही तुमच्यासारखंच कुणीतरी अध्यक्ष होतं.

ही एकटीदुकटीची कथा म्हणून बाजूला सारू नका. २०२४ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिला दिवस गेल्याचं घरच्यांना कळलं तेव्हा चोवीस आठवड्यांची मर्यादा टळून गेली होती. तिची पाळी आधीपासूनच अनियमित होती. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला दिली, तेव्हा गर्भ जवळजवळ तीस आठवड्यांचा होता. मग आईवडिलांनाच मुलीच्या जिवाची धास्ती वाटली आणि २९ तारखेला तो आदेश मागे घेण्यात आला. देशाचे सरन्यायाधीश, मोठ्या रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ, वकील, सगळे त्या पोरीसाठी धावले, तरी हातातून गेलेले आठवडे कुणाला परत आणता आले नाहीत. ते वाचवायची जागा वर्गच होती.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. त्याच निकालात अल्पवयीन मुलींबद्दलही लिहिलेलं आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, आणि नाव बाहेर फुटेल या भीतीने मुली वैदूकडे, भोंदूकडे, नाहीतर मेडिकलच्या मागच्या दाराने मिळणाऱ्या गोळीकडे जातात. म्हणून मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करू नये, असं न्यायालयाने सांगितलं. लैंगिक आरोग्याचं शिक्षण नसल्यामुळे बहुतेक किशोरवयीन मुलांना स्वतःच्या शरीराचं कामकाज कळत नाही, हेही त्याच निकालात आहे. अशी सोय आहे हे एखाद्या नववीतल्या मुलीला ठाऊक असतं, तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळालेली गोळी खाऊन, रक्त थांबेना म्हणून मध्यरात्री तिला माझ्या दारात आणावं लागलं नसतं. अशा रात्री मी काढलेल्या आहेत. तुम्ही एकदा येऊन बसा आणि मग संस्कारांवर बोला.

मुलं बिघडतील, असं तुम्ही मुख्याध्यापकांना म्हणालात. हेच २००७ साली म्हटलं गेलं होतं. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ करून थांबवण्यात आला. त्या वर्षी नववीत असलेल्या मुली आज तिशी ओलांडून आया झाल्या आहेत, आणि त्यांनाही काही सांगितलं गेलं नव्हतं. ‘हे घरी आईने सांगावं’ असं म्हणताना तुम्ही याच आयांवर भार टाकता. आणि आपण गप्प राहिलो म्हणून काय थांबलं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. तुमच्या पटावरून दिवाळीनंतर ज्या मुली गळतात, त्या कुठे जातात हे वर्गशिक्षिकेला विचारा.

शिवाय जे पुस्तकात आहे तेही तुम्ही शिकवू देत नाही. दहावीच्या विज्ञानात टेस्ट ट्यूब बेबी आहे, सरोगसी आहे. तुमच्या शाळेत तो धडा ‘घरी वाचून या’ म्हणून संपतो. गर्भपाताचा कायदा बारावीच्या जीवशास्त्रात आहे, म्हणजे विज्ञान शाखेला जाऊन जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरता. कला-वाणिज्यला जाणारी, दहावीनंतर घरी बसणारी, पंधराव्या वर्षी बोहल्यावर उभी केलेली मुलगी त्या पानापर्यंत पोचतच नाही. जिला गरज सगळ्यांत जास्त, तिच्या हातात ते पुस्तक कधी पडणार?

३ जानेवारीला तुम्ही सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालता. त्या आणि जोतिराव यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. वाकडं पाऊल पडलेल्या, फसवल्या गेलेल्या विधवांनी येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं, नाव कुणी विचारणार नाही, अशी जाहीर पत्रकं त्यांनी लावली. अख्ख्या पुण्याने वाचावं अशी. त्यानंतर वीस वर्षांच्या आत सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नीतीचा पंचनामा मांडला, तेव्हा १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्यात पुरुषांचा वाटा किती हे विचारलं. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. या मातीचे संस्कार हे आहेत, साहेब. तुमच्या समासातल्या वाक्याचा यांच्याशी काय संबंध आहे ते मला दाखवून द्या.

मी पाचवीच्या मुलांपुढे शस्त्रक्रियेची चित्रं लावणार नाही. पाचवी-सहावीला शरीर, पाळी, आणि कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं, इतकंच. आठवीपासून दिवस कसे जातात आणि कशावरून ओळखायचे. नववी-दहावीला कायदा, आठवड्यांचा हिशेब, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, आणि अठराच्या आतल्या मुलीचा होकार कायदा होकार मानत नाही ही गोष्ट. ही शेवटची मुलांना जास्त सांगायची आहे, म्हणून मुलं आणि मुली दोघंही वर्गात हवेत. गर्भपात चूकच, असं मानणारी मुलंही तिथे असतील. घरचा धर्म तसं सांगत असेल, आणि त्यांनी उभं राहून तसं बोलावं, मी ऐकून घेईन. कुणी जबरदस्तीने गर्भपात करायला लावत असेल तर त्याला नकार देण्याचाही मुलीला हक्क आहे, हे मी त्याच तासाला सांगणार आहे. २०२४ च्या त्या निकालातही मुलीच्या स्वतःच्या इच्छेलाच महत्त्व दिलेलं आहे.

आता माझी मागणी. तुमच्या कार्यालयाबाहेर मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक आहे. शासनाने २०२२ साली ती प्रत्येक शाळेला बंधनकारक केली. तिची बैठक या महिन्यात बोलवा, पालक-शिक्षक संघालाही बोलवा, आणि माझा आराखडा चारही मुद्द्यांसकट त्यांच्यापुढे ठेवा. मी चिठ्ठ्या घेऊन येते. त्या मोठ्याने वाचते. मग तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, की यांतल्या कोणत्या चिठ्ठीला शाळेने उत्तर देऊ नये. तुमचं म्हणणं पालकांना पटलं तर ते तसं लेखी देतील, आणि नाही पटलं तर पुढच्या सोमवारपासून मला नववी ‘अ’चा चौथा तास द्या.

आपल्याच तालुक्यातली एक स्त्रीरोगतज्ज्ञ